पाय म्हणेल तिथे पडेना

मार्च महिना. वसमत तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जा, हळदीची काढणी चालू असते. जमिनीतून निघालेल्या कंदांची माती झटकून बाया मोडणी करत बसलेल्या असतात. जेठे गड्डे एकीकडे, हळकुंडं दुसरीकडे. त्यातली एक उठते, भरलेलं टोपलं डोक्यावर घेते आणि बांधावरून हळद शिजवायच्या कुकरकडे निघते. बांध वीत-दोन वीत रुंद. कुठे ढेकूळ, कुठे भेग, कुठे पाटाच्या पाण्यानं निसरडं झालेलं. मागून कुणीतरी हाक मारतं. ती मान वळवत नाही, अख्खं अंग वळवून उत्तर देते आणि पुढे चालू लागते. टोपलं जागचं हलत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात काय काय घडलं? एकही पाऊल आधीच्या पावलासारखं पडलं नाही. ढेकळावर पाय कलला, तेव्हा घोट्यानं, गुडघ्यानं, कमरेनं आणि मानेनं आपापल्या वाट्याची दुरुस्ती केली, तीही टोपलं कलण्याआधी. त्या बाईला विचारलं तर ती सांगेल, माझं लक्ष पोराच्या शाळेकडे होतं, चालण्याकडे कुठे होतं? खरंच आहे. चालण्याचा सगळा हिशेब दुसराच कुणी करत होता. या प्रकरणात त्याची ओळख करून घेऊ, आणि हा हिशेबनीस जखमी झाला की माणसाचं काय होतं तेही पाहू.

मागे बसलेला कारभारी

तळहात डोक्याच्या मागच्या बाजूला, मान सुरू होते तिथून जरा वर ठेवा. कवटीच्या आत तिथेच हा अवयव आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण त्याला ‘अनुमस्तिष्क’ म्हणून भेटलो. बोलताना लहान मेंदू किंवा छोटा मेंदू म्हणतात. शरीराचा तोल सांभाळणं हे त्याचं काम, एवढं एक वाक्य पाठ करून आपण एक गुण मिळवला आणि त्याला विसरून गेलो.

वजनानं तो खरंच लहान आहे. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमच्या मेंदूत त्याचा वाटा दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण 2009 साली सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या ब्राझीलच्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या, तेव्हा सगळ्यांनाच चकित करणारा आकडा निघाला. एकूण सुमारे 8,600 कोटी पेशी, आणि त्यांतल्या सुमारे 6,900 कोटी या एवढ्याशा लहान मेंदूत! दहापैकी आठ माणसं घराच्या माजघरात दाटीवाटीनं बसावीत आणि उरलेल्या दोघांनी सगळा वाडा वापरावा, असा हा प्रकार.

औंढ्याच्या नागनाथाची कथा हिंगोली जिल्ह्यात शाळकरी पोरंही सांगतात. कीर्तनाची अडचण होते म्हणून नामदेवांना देवळाच्या मागे जायला सांगितलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्यासमोर तोंड करून उभं राहिलं. मेंदूच्या अभ्यासातही मागे बसवलेल्याकडे तोंड फिरवायला बराच काळ जावा लागला. 1824 साली फ्रान्सच्या प्येर फ्लुराँस यांनी कबुतरांच्या लहान मेंदूचे पापुद्रे एकेक करून काढून पाहिले. कबुतरं पांगळी झाली नाहीत. त्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं, पाय हलत होते, पंखांत जोर होता. गेला होता तो फक्त ताळमेळ. उडू पाहणारं कबुतर पंख फडफडवत कोलमडायचं. ताकद एकीकडून येते आणि ताकदीची शिस्त दुसरीकडून, हे त्या प्रयोगातून पहिल्यांदा स्पष्ट झालं. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. लहान मेंदू बिघडला की माणूस लुळा पडत नाही, त्याच्या हालचालीचं माप चुकतं.

चुकण्याआधीची दुरुस्ती

हे माप तो कसं ठेवतो? पायाला ढेकूळ लागलं ही खबर मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो. ती तिथे पोचणार, तिच्यावर निर्णय होणार, हुकूम परत पायापर्यंत येणार. यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. तेवढ्यात टोपलं खाली. म्हणजे चूक झाल्यावर ती सुधारण्याची पद्धत चालण्या-बोलण्याच्या वेगाला पुरी पडत नाही. पुढे काय होणार हे आधीच ओळखावं लागतं.

लहान मेंदू नेमकं तेच करतो. मोठा मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो, त्याची एक नक्कल लहान मेंदूकडेही येते. दुसरीकडून सांधे, स्नायू, डोळे आणि कानातलं तोलाचं इंद्रिय यांच्याकडून अहवाल येत राहतात. काय करायचं ठरलं होतं आणि काय होतंय, या दोन्ही चिठ्ठ्या तो शेजारी ठेवून पाहतो, आणि फरक पडणार असं दिसताच आधीच दुरुस्ती सुचवतो.

याचा पुरावा आपल्या रोजच्या घरात आहे. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की हात झटक्यात वर जातो. अंधारात जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून टाकलेला पाय जमिनीवर दाणकन आपटतो. कळशी किती जड असेल, पायरी किती खोल असेल, याचा अंदाज आधीच बांधून स्नायू सज्ज झालेले होते. अंदाज फसला म्हणून तो बांधला होता हे आपल्याला कळलं. एरवी दिवसभरात असे हजारो अंदाज बरोबर येतात, आणि बरोबर आलेल्या अंदाजाची कुणी दखल घेत नाही.

योगायोग असा की याच तत्त्वावर चालणारं एक अवाढव्य यंत्र त्याच औंढा तालुक्यात उभं राहणार आहे. दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. अशा वेधशाळेत आरसा हलू द्यायचा नसतो, पण जमीन तर सतत थरथरत असते. म्हणून जमिनीची थरथर मोजणारी उपकरणं लावतात आणि तो हादरा आरशापर्यंत पोचायच्या आत उलट दिशेनं ढकलून त्याचा काटा काढतात. बांधावरची बाई डोक्यावरच्या टोपल्यासाठी हेच करते. फरक इतकाच की तिच्या यंत्राचं वजन दीडशे ग्रॅम आहे आणि ते भाकरीवर चालतं.

हे अंदाज जन्मतः येत नाहीत, ते शिकावे लागतात. लहान मेंदूत पुर्किन्ये नावाच्या मोठ्या पेशी असतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 1837 मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून हे नाव. पसरलेल्या पंख्यासारख्या फांद्यांच्या या एकेका पेशीवर लाखाहून जास्त बारीक धाग्यांची माहिती येऊन आदळते. याशिवाय एक वेगळा, जाडजूड धागा वेलीसारखा तिला वेढून असतो. डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी 1971 मध्ये मांडलेला आणि पुढे जपानच्या मासाओ इतो यांच्या प्रयोगांनी बळकट झालेला विचार असा, की हा वेलीसारखा धागा म्हणजे मास्तर. हालचाल चुकली की तो ‘चुकलं’ एवढंच कळवतो, आणि त्या क्षणी जे धागे बोलत होते त्यांचा आवाज जरा कमी केला जातो. सायकल शिकताना शंभरदा पडून एकदा तोल सापडतो, पखवाजावर बोट रुळतं, भाकरी हातावर गोल फिरते, त्यामागे ही शिकवणी असते.

ताकद हाय, पण...

आता हा कारभारी जखमी झाला असं समजा. हिंगोलीकडचा शेतकरी डॉक्टरला आपली तक्रार कशी सांगेल? “अंगात ताकद हाय, पण पाय म्हणेल तिथं पडत न्हाई.” वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी पानंच्या पानं खर्च करून सांगितलेली गोष्ट या एका वाक्यात बसते.

या दुखण्याचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास झाला तो पहिल्या महायुद्धात. गॉर्डन होम्स हे आयरिश डॉक्टर फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयांत काम करत होते. तेव्हाचं शिरस्त्राण डोक्याची मागची खालची बाजू नीट झाकत नसे, त्यामुळे तिथे गोळी किंवा गोळ्याची कपची लागलेले जवान त्यांच्याकडे येत. अनेकांच्या लहान मेंदूचा एकच अर्धा भाग जखमी झालेला असे. म्हणजे एकाच माणसात एक हात धड आणि एक बिघडलेला. तुलनेसाठी याहून चांगली सोय कुठली? होम्स यांनी 1917 मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांत भर घालत राहिले. त्यांना दिसलं की दोन्ही मुठी एकदम आवळायला सांगितल्या तर बिघडलेला हात उशिरा सुरू होतो आणि सोडायला सांगितल्यावर उशिरा सुटतो. एका रुग्णानं त्यांना सांगितलं होतं, की धडक्या हाताची कामं आपसूक होतात, पण दुसऱ्या हाताची प्रत्येक हालचाल आधी मनात जुळवावी लागते. जे काम कारभारी न बोलता करायचा, ते आता मालकाला स्वतः बसून करावं लागत होतं.

आजही मेंदूविकाराचे डॉक्टर ज्या तपासण्या करतात त्यांना यंत्र लागत नाही. खुर्ची, टेबल आणि डॉक्टरचं बोट पुरतं.

“काका, माझ्या बोटाला तुमचं बोट लावा. आता तुमच्या नाकाला. परत माझ्या बोटाला.”

काकांचा हात निघतो तेव्हा ठीक असतो. बोटाजवळ पोचता पोचता तो डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो, आणि नेम चुकून पुढे निघून जातो किंवा अलीकडेच थांबतो. कंपवाताचा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो. हा हात स्वस्थ असताना शांत असतो, काहीतरी गाठायला निघाला की थरथरतो. म्हणून असा माणूस चहाचा कप बशीतून उचलतो तेव्हा काही होत नाही, ओठाजवळ नेताना तो सांडतो.

“आता एका तळहातावर दुसरा हात आपटा. एकदा पालथा, एकदा उताणा. भराभर.”

वारकऱ्याच्या हाताला टाळाची जी सवय असते, तीच लय इथे मागितलेली असते. लहान मेंदू बिघडलेल्याची लय दोन-तीन ठोक्यांत विस्कटते. हात पालथा पडायचा तिथे उताणा पडतो, एक ठोका जोरात, दुसरा नुसता घसटून. या लक्षणाचं वैद्यकीय नाव आहे ‘डिसडायडोकोकायनेसिया’. ते भराभर तीनदा म्हणून पाहा. तुमच्या लहान मेंदूची चाचणी आपोआप होईल.

मग डॉक्टर काकांचा कोपरात वाकवलेला हात आपल्याकडे ओढतात. काकांनी तो आपल्या दिशेला धरून ठेवायचा. डॉक्टर एकदम सोडून देतात. धडधाकट माणसाचा हात जागच्या जागी थांबतो. काकांची मूठ त्यांच्याच तोंडावर आदळली असती, पण डॉक्टरांनी आधीच आपला दुसरा हात मध्ये धरलेला असतो. कारण ब्रेक उशिरा लागणार हे त्यांना ठाऊक असतं.

शेवटी चालून दाखवायचं. पाय फाकवून, हात बाजूला पसरून, होडीत उभं राहिल्यासारखं. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चाला म्हटलं की तिसऱ्या-चौथ्या पावलाला झोक जातो. बोलणंही यातून सुटत नाही. जीभ, ओठ आणि श्वास यांचाही ताळमेळ याच खात्यात येतो. अक्षरं तुटतात, एकावर जोर, एक गिळलेलं. ‘हिंगोली’ हा शब्द ‘हिं... गो... ली’ असा तीन गावांत विभागून येतो. डोळे एका बाजूला वळवले की बुबुळं नाचू लागतात, म्हणून वाचताना ओळ हलते.

कुठला भाग जखमी आहे त्यावर लक्षणं ठरतात. मधला पट्टा गेला तर धडाचा तोल जातो, माणसाला आधाराशिवाय बसणंही जमत नाही, पण पलंगावर झोपवून हात तपासले तर बरेचसे ठीक असतात. बाजूचा गोलार्ध गेला तर हातपाय बिघडतात. आणि इथे एक गंमत आहे. मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवं अंग जातं, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. लहान मेंदूचा कारभार सरळ आहे. उजवा अर्धा बिघडला तर उजवाच हात चुकतो.

आणखी एक फरक घरच्यांना उपयोगी पडेल. काहींचा तोल डोळे मिटल्यावर जातो. तोंड धुताना डोळ्याला साबण लागला, डोळे मिटले आणि झोक गेला, अशी त्यांची तक्रार असते. तिथे दोष बहुधा पायाकडून येणाऱ्या खबरीत असतो. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक मोठं आणि बरं होण्यासारखं कारण. लहान मेंदूचा रुग्ण मात्र डोळे उघडे असले तरी डुलत असतो.

उन्हानं, झटक्यानं, औषधानं, वारशानं

मराठवाड्यात ज्या कारणाची आठवण सगळ्यात आधी व्हायला हवी, ते म्हणजे ऊन. हळद शिजवण्याचं काम उन्हं चढू लागली की सुरू होतं. कुकरची वाफ, खालचा जाळ आणि वरून ऊन अशा तिहेरी तापात माणसं राबतात. पुढे चाळिशी ओलांडलेल्या उन्हात हळद वाळवायची, मग तिला पॉलिश करायचं. उष्माघात म्हणजे नुसतं चक्कर येऊन पडणं नव्हे. शरीराचंच तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जातं आणि माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध होतो. मेंदूतल्या सगळ्या पेशींमध्ये या तापाला लवकर बळी पडतात त्या आपल्या पुर्किन्ये पेशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात उष्माघातानं दगावलेल्या 125 जणांचा अभ्यास 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पेशींची झालेली हानी ठळकपणे नोंदली आहे. जे वाचतात त्यांतल्या काहींना ताप उतरल्यावरही चालण्या-बोलण्यातला दोष जन्मभर राहतो. मेलेली पुर्किन्ये पेशी परत उगवत नाही. म्हणून असा माणूस दिसला की गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, आणि हे करत असतानाच 108 ला फोन करावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

दुसरं कारण लहान मेंदूचा झटका. रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. यात बहुतेकदा तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, म्हणून झटक्याची शंकाच कुणाला येत नाही. अचानक भोवळ, उलट्या, डोक्याच्या मागे दुखणं, आणि उभं राहता न येणं. घरचे म्हणतात पित्त झालं, लिंबू-सरबत देतात आणि झोपवतात. लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. पित्तानं उलट्या झालेला माणूस थकलेला असला तरी भिंतीला धरून मोरीपर्यंत जातो. भोवळ आणि उलट्यांबरोबर ज्याला एकाएकी आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, त्याला झटका आलेला असू शकतो असं समजून लगेच रुग्णालयात न्यायला हवं. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. शिवाय कवटीच्या या मागच्या कोनाड्यात जागा अपुरी असते. सूज वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, श्वासाच्या केंद्रावर दाब येतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये हा झटका निसटू शकतो, हेही माहीत असलेलं बरं.

तिसरं कारण घरातल्याच डब्यात असतं. फिट येऊ नये म्हणून दिलं जाणारं फेनिटॉइन हे जुनं, स्वस्त आणि गुणकारी औषध. पण एका मर्यादेनंतर डोस थोडासा जरी वाढला तरी रक्तातलं प्रमाण भलतंच वाढतं. फिटची गोळी घेणारा माणूस एकाएकी झोकांड्या खाऊ लागला, त्याची बुबुळं नाचू लागली, तर डॉक्टरला गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. मनानं गोळी बंद करू नये, तेही तितकंच घातक.

मुलांमध्ये कांजिण्या बऱ्या झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी कधी कधी पोर एकदम लटपटू लागतं. आईबापांची गाळण उडते. डॉक्टरला दाखवून गाठ किंवा जंतुसंसर्ग नाही ना, याची खात्री करावीच लागते. पण यातली बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ववत धावू लागतात.

आणि एक कारण रक्तातून येतं. या बाबतीत जगाच्या वैद्यकात महाराष्ट्राचं नाव पक्कं कोरलेलं आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी 1957 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूविकाराचा विभाग सुरू केला. तोल जाणाऱ्या रुग्णांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती घेताना त्यांचं लक्ष एका बारीक गोष्टीकडे गेलं. आपण एका वस्तूवरून दुसरीकडे पाहतो तेव्हा डोळे उडी मारल्यासारखे जातात. या रुग्णांचे डोळे सरकत सरकत जात, जणू कुणी जड पेटी ओढतंय. 1971 मध्ये वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशी नऊ कुटुंबं मांडली आणि हा आनुवंशिक आजाराचा वेगळा प्रकार आहे असं सांगितलं. तेव्हा जनुक तपासण्याची सोय नव्हती, डॉक्टरांचे डोळे एवढंच साधन होतं. पुढे 1996 मध्ये या आजाराचं जनुक सापडलं. आज तो ‘एससीए-2’ या नावानं ओळखला जातो आणि भारतात आढळणाऱ्या अशा आजारांमध्ये तो प्रमुख आहे. क्युबाच्या ओल्गिन प्रांतात तर त्याचे रुग्ण जगात सर्वांत दाट आहेत. जनुकातली तीन अक्षरांची एक जोडणी वाजवीपेक्षा जास्त वेळा लिहिली जाते, एवढीच ती चूक. आई किंवा बाप यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि पुढच्या पिढीत तो अनेकदा कमी वयात उमटतो. वाडियांना 2012 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2016 मध्ये ते गेले.

गावात अशा घराला ‘शाप’ असल्याचं बोललं जातं. सुनेच्या पायगुणापासून पितरांपर्यंत सगळ्यांवर आळ येतो. खरं कारण एका जनुकातली अक्षरं मोजली की कळतं.

झोकांडी आणि निवाडा

आता सर्वांत अवघड भाग. लहान मेंदूच्या रुग्णाला आजाराइतकाच त्रास होतो तो लोकांच्या नजरेचा. बसस्थानकावर तो डुलत चालतो, जड जिभेनं तिकीट मागतो, आणि रांगेतला कुणीतरी म्हणतो, सकाळी सकाळीच लावून आलाय. ही चूक लोक उगाच करत नाहीत. दारू सगळ्या मेंदूवर काम करते, पण दारुड्याची चाल, जड जीभ आणि नाचणारी बुबुळं ही लहान मेंदू गुंगल्याची लक्षणं आहेत. पोलीस संशयिताला सरळ रेषेवर चालायला लावतात तीच परीक्षा, जी डॉक्टर काकांची घेतात. दारू प्यायलेल्याचा लहान मेंदू रात्रीपुरता बंद असतो, या माणसाचा रोजच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांमध्ये तर लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा पुढचा भाग खरोखरच झिजतो, आणि मग दारू सोडली तरी चाल पूर्णपणे सुधारेल याची खात्री नसते.

यावर उपाय काय? कारण बरं होण्यासारखं असेल तर ते शोधून बरं करणं. गाठ असेल तर काढणं, जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढणं, औषध जास्त झालं असेल तर कमी करणं. झिजेच्या आजारात गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, पण व्यायामाचा उपयोग होतो. तोल आणि ताळमेळाचे व्यायाम नेमानं केलेल्या रुग्णांची चाल सुधारते, असं अभ्यासांत दिसलं आहे. उरलेला मेंदू शिकत राहतो. 2014 मध्ये चीनमधल्या एका चोवीस वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला जन्मतःच लहान मेंदू नव्हता. ती चालायला लागली सातव्या वर्षी, तिचं बोलणं इतरांना नीट कळू लागलं सहाव्या वर्षी. चाल डळमळीतच राहिली, पण ती चालत होती, लग्न करून संसार करत होती.

घरातले बदल तर सुतार आणि गवंडीही करून देतील. मोरीत आणि संडासात भिंतीला धरायला दांडी. निसरड्या फरशीवर खरखरीत पट्टी. पातळ पेल्याऐवजी जड तळाचा पेला, तोही अर्धाच भरलेला. बोलायला वेळ द्यायचा, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. एका वेळी एकच काम. चालताना प्रश्न विचारायचे नाहीत, कारण त्याचं चालणं आता लक्ष देऊन चाललेलं असतं.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मोठ्या उपचारांसाठी नांदेडची वाट धरावी लागते, ही आजवरची सवय. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचंही आहे. तिथे शिकणारा विद्यार्थी पुढे या भागातल्याच एखाद्या काकांना बोट नाकाला लावायला सांगेल. पण त्या काकांना दवाखान्यापर्यंत पोचवायचं काम डॉक्टरचं नाही, ते आजूबाजूच्यांचं आहे. म्हणून बसस्थानकावर, बाजारात, बांधावर कुणी झोक जाऊन पडताना दिसलं, तर आधी हात पुढे करा. तोंडाचा वास घ्यायचाच असेल, तर तो नंतर घ्या.